न पडलेल्या रॉकेटची दुरुस्ती

नमुना क्रमांक १४. यंत्रसामग्री मोडतोड अहवाल. तीन प्रतींत भरावा. खाडाखोड चालणार नाही.

१. उपकरणाचे नाव

"रॉकेट लिहू नका," प्राचार्य खटावकर म्हणाले.

मी पेन उचललेलं तसंच धरून बसले. "मग काय लिहू, सर?"

"काहीच नका लिहू, बुरुंगले मॅडम. नमुना चौदा मोडलेल्या वस्तूंचा असतो. आपलं काय मोडलंय?"

त्यांच्या मागच्या खिडकीतून कॉलेजच्या ट्रॅक्टरची ट्रॉली दिसत होती. ट्रॉलीत रॉकेटचे तुकडे होते, वर ताडपत्री होती, आणि ताडपत्रीतून एक पंख बाहेर आला होता. शिपाई तो पायाने आत ढकलत होता. पंख पुन्हा बाहेर येत होता.

प्राचार्यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला. 'अवकाशाचे सीमोल्लंघन! आबासाहेबांच्या हस्ते रॉकेटचे यशस्वी उड्डाण.' खाली बारीक अक्षरात : तीन हजार फुटांवर जाऊन रॉकेट पॅराशूटच्या साहाय्याने अलगद उतरताच उपस्थितांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दसऱ्याला पेपरवाल्यांचं काम लवकर आटपतं, म्हणून ही बातमी आम्ही खंडेनवमीलाच पाठवून दिली होती. टाळ्यांसकट. फोटो तेवढा दसऱ्याच्या सकाळी गेला. फेटा बांधलेले आमचे संस्थापक-अध्यक्ष आबासाहेब रॉकेटला अंगठ्याने कुंकू लावताहेत.

"छापून आलेलं खोटं कसं म्हणायचं?" प्राचार्य म्हणाले. "पण हे जे घडलेलं नाही, त्याला जबाबदार कोण, ते मात्र ठरवावं लागेल."

आणि त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं.

तिथे निटवे सर बसले होते. शीतल निटवे, यंत्र विभागाचे प्राध्यापक, तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये नवी नेमणूक, दर मेमध्ये घरी, असं चार वर्षं चाललं होतं. रॉकेट त्यांचं. कल्पना त्यांची, गणितं त्यांची, आणि परवानग्यांची फाइलही त्यांचीच, जी रॉकेटपेक्षा जड होती. रॉकेट उडालं की निटव्यांना कायम करतो, असं आबासाहेबांनी भर सभेत सांगितलं होतं.

"सर, उडालं की," निटवे म्हणाले. "उतरताना चुकलं."

"उतरलंसुद्धा. पेपर वाचा." प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "आता ऐका. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला मूल्यांकन समिती येतेय. त्यांनी हे कात्रण बघितलंय. त्यांना रॉकेट बघायचंय. उडताना."

"म्हणजे नवीन बांधायचं?"

"नवीन नाही! तेच! जुनं दिसलं पाहिजे. जुनं मोडलेलंच नाही, तर नवीन येईल कुठून?" मग आवाज खाली आणून, "आणि निटवे, या वेळी पडलं, तर मेची वाट बघू नका. तुमचं पत्र टाइप करून ठेवलंय. तारीख तेवढी घालायची."

मी नमुना चौदा घडी करून पर्समध्ये टाकला.

२. अपघाताचा दिनांक, वेळ व ठिकाण

दहा वर्षांपूर्वीचा दसरा. सकाळी अकरा वीस. ठिकाण : नियोजित मुलींचे वसतिगृह.

वसतिगृहाची कोनशिला त्याच्याही सात वर्षं आधी बसवली होती. तिच्यामागे माळ होता आणि माळावर तरवडाची झुडपं. तिथून दोनशे पावलांवर आम्ही रॉकेट उभं केलं होतं. माणसाच्या दीडपट उंच, पांढरं, टोकाला भगवं. मांडवात गावातली दोनशे माणसं. उलटं मोजणं शुभ नाही म्हणून आबासाहेबांनी एकपासून अकरापर्यंत मोजलं आणि बटण दाबलं.

उडालं. खरंच उडालं. बातमीत आम्ही लिहिली नव्हती अशी एक पांढरी रेघ निळ्या आभाळात ओढली गेली आणि निटवे सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. माणूस लाजाळू, बायकांशी बोलताना जमिनीकडे बघणारा. त्यांना कळलंही नाही आपण काय धरलंय ते.

मग सगळे पॅराशूटची वाट बघू लागले. लाल-पिवळं असणार, असं सांगून ठेवलं होतं. लाल-पिवळं काही दिसेना. एक शिट्टी ऐकू आली, बारीक, मग मोठी, मग फारच मोठी, आणि कोनशिलेच्या मागे धप्प झालं.

टाळ्या वाजल्या. खाली आलं की टाळ्या वाजवायच्या, असंही सांगून ठेवलं होतं.

रॉकेट दीड हात जमिनीत शिरलं होतं. वसतिगृहाच्या जागेवर झालेलं ते पहिलं खोदकाम.

३. उपकरण शेवटचे कोणी हाताळले

हा रकाना नंतर भरते.

४. नुकसानीची अंदाजे किंमत

हा सोडते.

५. अपघाताचे कारण

ट्रॉली कार्यशाळेत आणली. कार्यशाळा माझी. लेथ, ड्रिल, शेपर, अकरा वर्षं मीच निदेशक. दार लावून घेतलं आणि रुक्साना मुजावरने ताडपत्री ओढली. रुक्साना इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. रॉकेटच्या पोटातलं यंत्र तिने बसवलं होतं.

ते यंत्र हवेचा दाब मोजतं. रॉकेट वर जाईल तसा दाब कमी होतो. कमी होत होत पुन्हा वाढायला लागला की यंत्र ओळखतं, आता आपण खाली चाललो, आणि पॅराशूट बाहेर फेकतं. बाहेरची हवा त्याच्यापर्यंत पोचावी म्हणून नळीला, म्हणजे रॉकेटच्या धडाला, तीन भोकं असतात, तीन बाजूंना, तीळ आत जाईल एवढी.

यंत्र शाबूत होतं. रुक्सानाने ते लॅपटॉपला जोडलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"काय म्हणतंय?" निटवे सरांनी विचारलं.

"जमीन म्हणतंय, सर."

"म्हणजे?"

"पहिल्या सेकंदाला जमीन. दहाव्या सेकंदाला जमीन. आपटेपर्यंत जमीनच. त्याला कळलंच नाही आपण उडालो म्हणून."

"आणि प्राचार्यांना कळलं नाही आपण पडलो म्हणून," मी म्हटलं. रुक्साना खुदकन हसली. निटवे हसले नाहीत. त्यांनी नळीचा तुकडा उजेडात धरला, टाचणी मागितली, एका भोकात घातली आणि बाहेर काढली.

टाचणीला लाल लागलं होतं.

"कुंकू," ते म्हणाले. "भोक बुजलं. बाकीची दोनही. बाहेरची हवा आत गेलीच नाही."

लेथवर कालचा पेपर पडला होता. त्यातला अंगठा आम्हा तिघांनाही दिसत होता.

रुक्सानाने त्यांच्या हातातून टाचणी घेतली, नाकाशी नेली, वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मग टाचणी पुसून डबीत ठेवली.

"रिपोर्टात काय लिहायचं, सर?"

"आधी उडवू," निटवे म्हणाले. "पडलेल्याचं कोण ऐकून घेतं? उडालं की मग लिहू. जे आहे ते."

६. दुरुस्तीचा तपशील

दिवाळीची सुट्टी लागली, कॉलेज रिकामं झालं, आणि आम्ही तिघं कार्यशाळेत राहिलो.

मोठ्या पाइपवर काचकापड गुंडाळायचं, वरून राळ चोपडायची, वाळली की पुन्हा गुंडाळायचं, असे आठ थर. मग पाइप आतून ओढून काढायचा. पहिली नळी निघालीच नाही. दुसरी निघाली ती वाकडी. तिसऱ्या वेळी रुक्सानाने पाइपला तिच्या आईचं डोक्याचं तेल लावलं आणि नळी अशी सुळकन आली की निटवे सर तिच्यासकट मागे बसले. टोक मी सागवानाचं काढलं. लेथवर लाकूड फिरत होतं आणि लेथच्या कपाळावर खंडेनवमीचा टिळा लालभडक होता. माझे टिळे वर्षभर टिकतात. त्याची युक्ती आहे.

निटवे सर सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून साडेपाचला सगळं थांबायचं. ते डबा उघडायचे, आम्ही फराळाचं काढायचो.

"सर, रॉकेट एवढं वर गेलं की सूर्य तिथून जरा उशिरा मावळतो," रुक्साना म्हणायची. "तिथं बसून आरामात जेवता येईल तुम्हाला."

"किती फुटांवर किती सेकंद, काढ हिशोब," ते म्हणायचे. आणि ती खरंच काढायची.

अवघड काम बांधायचं नव्हतं, जुनं भासवायचं होतं. प्राचार्य रोज पेपरातला फोटो घेऊन यायचे. "इथे खरवडलेलं आहे. हे कुठंय?" मी कानसीने खरवडायचे. "हा पंख थोडा मळका." आम्ही मळवायचो. एक दिवस म्हणाले, "टिळा कुठंय?"

"सर, तो आबासाहेब लावतील की."

"तो नवा. जुना कुठंय? जुन्या रॉकेटला जुना टिळा नको?"

लाल ऑइलपेंटने जुना टिळा काढला.

ते गेल्यावर निटवे सर डोकं धरून बसले. "पुन्हा लावतील. पुन्हा भोकावर लागलं तर? मी भोकं कुठंही नेली तरी अंगठा तिथं पोचणारच."

"अंगठ्याला जागा करून देऊ," मी म्हटलं.

पितळेची चकती काढली, रुपयाएवढी, कडेने कमळाच्या पाकळ्या. टोकाखाली, आबासाहेबांच्या नजरेच्या उंचीवर बसवली. वर कोरलं : पूजास्थान. शिवाय रुक्सानाने तिन्ही भोकांवर चिकटपट्टी लावली आणि प्रत्येक पट्टीला लांब लाल फीत बांधली. फितीवर लिहिलं, 'उडवण्याआधी काढा.' म्हणजे पूजा होईपर्यंत भोकं झाकलेली, आणि कुणी विसरणारही नाही.

"या वेळी पडायला कारणच नाही," निटवे म्हणाले. दिवाळीभरात पहिल्यांदा त्यांनी डब्यातला लाडू आम्हाला दिला.

७. दुरुस्तीनंतरची चाचणी

समितीत तिघं होते, तिघांनाही फेटे बांधले. आबासाहेब रॉकेटजवळ आले, चकती बघितली आणि खूश झाले.

"निटवे, हे बेस केलंस बघ. रॉकेट असावं तर असं." अंगठा बरोबर चकतीवर. निटवे सरांनी श्वास सोडला. तेवढ्यात आबासाहेबांना फिती दिसल्या. तीन, लाल, वाऱ्यावर उडणाऱ्या.

"आन् फीत पण लावलीया! अरे मग कात्री कुठाय?"

कात्री अशा वेळी कुठून येते मला अजून माहीत नाही. पण ताटलीत, रुमालावर ठेवलेली कात्री आली. एक फीत आबासाहेबांनी कापली. दुसरी समितीच्या प्रमुखांनी. तिसरी, नको नको म्हणत, प्राचार्यांनी. फोटो निघाले. फिती ताटलीत गेल्या. चिकटपट्ट्या भोकांवर तशाच राहिल्या.

"सर, पट्ट्या," निटवे म्हणाले.

"मागे व्हा, मागे व्हा!" प्राचार्य ओरडत होते. "सुरक्षिततेचं अंतर!" त्यांनी निटव्यांना दंडाला धरून मांडवात आणलं. समितीपुढे निटव्यांना झटापट नको होती. आबासाहेब बटणापाशी पोचलेसुद्धा.

"एक!"

"आबासाहेब, एक मिनिट..."

"दोन! तीन!"

रुक्साना माझ्याकडे बघत होती. मी पूजेचं ताट उचललं.

"आबासाहेब! ओवाळायचं राहिलं!"

आबासाहेब चारवर थांबले. "राह्यलं? आरं मग कसं चालंल? ओवाळा की बाई."

मी ताट घेऊन निघाले. मागून निटवे सर ओरडले, "दिवा! मॅडम, दिवा विझवा!" खरंच की. खाली इंधनाचं नळकांडं, हातात पेटलेलं निरांजन. दिवा वाऱ्याने विझला असं मांडवातल्या सगळ्यांनी धरलं. वारा मीच.

रॉकेटला मी तीन प्रदक्षिणा घातल्या. पहिलीला पहिली पट्टी नखाने सोलली, दुसरीला दुसरी. तिसरी निघेना. रुक्सानाने ती फारच मनापासून लावली होती. मी रॉकेटपाशी वाकले, कपाळ नळीला टेकलं आणि दातांनी ओढली. मांडवात बायकांनी हात जोडले. बुरुंगले मॅडमची एवढी श्रद्धा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

पट्ट्या मुठीत धरून परत आले.

"पाच!" आबासाहेब म्हणाले.

अकराला उडालं. पांढरी रेघ वर वर गेली, संपली, आणि तिथे लाल-पिवळं फूल उमललं. रॉकेट डोलत डोलत खाली आलं आणि तरवडावर अलगद टेकलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे तोंड उघडं टाकून बघत होते.

समितीच्या प्रमुखांनी विचारलं, "मागच्या वेळीही असंच झालं होतं?"

"तंतोतंत," प्राचार्य म्हणाले.

८. साक्षीदारांचे म्हणणे

दुसऱ्या दिवशी निटवे सरांनी अहवाल दिला. एकच पान. 'पहिल्या उड्डाणात पूजेच्या कुंकवाने तिन्ही दाबछिद्रे बंद झाली, म्हणून पॅराशूट उघडले नाही.' मला साक्षीला बोलावलं होतं. आबासाहेब प्राचार्यांच्या खुर्चीत होते, प्राचार्य उभे.

"कुंकू," आबासाहेबांनी वाचलं. "माझं?"

"मी नाव लिहिलेलं नाही," निटवे म्हणाले.

"फोटो जगानं बघितलाय, निटवे," प्राचार्य म्हणाले. "नाव लिहायची गरजच काय?"

"खटावकर, तुमी गप बसा." आबासाहेब खरोखर दुखावले होते. "चाळीस वर्सं कुंकू लावतोय मी. बोअर, टाक्या, कोनशिला. माझ्या हातनं आजपतोर काय पडलं न्हाई."

खरं होतं. त्यांतलं बरंचसं उभंच राहिलं नव्हतं.

"हे मागं घ्या," प्राचार्य म्हणाले. "काल उडालं, आनंदाची गोष्ट आहे. कायम करायचा ठराव तयार आहे. हे पान मागं घ्या, संपलं."

"पान बरोबर आहे, सर. उद्या दुसरं कुणी रॉकेट करेल, त्याला कळायला पाहिजे."

प्राचार्य माझ्याकडे वळले. "मॅडम, कार्यशाळा तुमची. आबासाहेबांखेरीज त्या रॉकेटला आणखी कुणी कुंकू लावलं होतं?"

निटवे सरांनी माझ्याकडे बघितलं. आग्रहाने नाही. यंत्र लावल्यावर आकडा यायची वाट बघतात, तसं.

मी कायम होते. मला कुणी घरी पाठवू शकत नव्हतं. फार तर एक मेमो आला असता.

"आठवत नाही, सर," मी म्हटलं.

निटव्यांनी पान मागं घेतलं नाही. उडालं म्हणून पत्रावर तारीख पडली नाही. त्यांना मेपर्यंत ठेवलं. जूनमध्ये बोलावलं नाही.

३. उपकरण शेवटचे कोणी हाताळले (राहिलेला रकाना)

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. गुळगुळीत लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही, पाण्यात कालवलं तर वाळून गळतं. म्हणून मी ते वंगणात कालवते. वर्षभर हलत नाही. बोटभर वंगण-कुंकू घेऊन लेथ, ड्रिल, शेपर, करवत असं करत मी शेवटी रॉकेटपाशी आले. पांढरंशुभ्र उभं होतं. कुठे लावावं कळेना. मग नळीला तीन भोकं दिसली, उघडी.

कार्यशाळेत उघडं भोक सोडायचं नसतं. कीस जातो, धूळ जाते. वंगण भरून बंद करायचं, हे मी शेकडो मुलांना शिकवलंय. इथे वंगणही होतं, कुंकूही होतं. एकात दोन कामं झाली. अंगठ्याने नीट दाबून भरलं. तीन टिळे सारख्या अंतरावर, छान दिसत होते. दसऱ्याला आबासाहेबांनी लावलेला टिळा टोकाजवळ होता आणि पाण्यात कालवलेला होता. वर जाताना तो वाऱ्यानेच उडाला असणार.

टाचणीला वंगणाचा वास होता. रुक्सानाला तो त्याच दिवशी आला होता.

९. सोबत जोडलेल्या वस्तू

एक : नळीचा तुकडा, भोकासहित. शेवटची परीक्षा झाल्यावर रुक्सानाने आणून दिला. "तुमच्याकडेच राहू दे, मॅडम," एवढंच म्हणाली.

दोन : हा नमुना. मेच्या शेवटच्या दिवशी निटवे सर डबा घेऊन कार्यशाळेत आले. साडेपाच वाजले होते. स्टुलावर बसून जेवले. मी समोर बसून होते.

"तुम्ही प्रदक्षिणा घातल्यात म्हणून उडालं," ते म्हणाले. "ते मी विसरणार नाही."

मला मान वर करता येईना.

त्यांनी डबा धुतला, पुसला. मग गणित सोडवल्यासारखं म्हणाले, "आबासाहेबांचा अंगठा एक. भोकं तीन."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून कागद काढून लेथवर ठेवला. "नमुना चौदा. तुमचा तो पर्समध्ये फाटला असेल, म्हणून नवीन आणला. भरून टाका कधीतरी. घाई नाही."

१०. जबाबदार व्यक्तीचे नाव व सही

उद्या मी निवृत्त होते. रॉकेट कॉलेजच्या दारात काचेच्या पेटीत आहे. पाटीवर लिहिलंय, दोन यशस्वी उड्डाणे. गेल्या खंडेनवमीला माझ्या जागी येणाऱ्या मुलाने पेटी उघडून त्याला कुंकू लावलं. वंगणातलं. मीच शिकवलंय.

पहिली प्रत प्राचार्यांना. दुसरी कार्यालयाला. तिसरी टपालाने निपाणीला, निटवे सरांना. ते तिथे क्लास घेतात, गणिताचे.

यमुना बुरुंगले, कार्यशाळा निदेशक. सही केली आहे.

तिन्ही प्रतींत खाडाखोड एकाच जागी आहे, आठव्या रकान्यात. तिथे मी साक्षीत म्हटलेले शब्द लिहिले, मग त्यांवर रेघ मारली.